पोखर्णीच्या शिवारातली सायकलवाट

परभणीहून गंगाखेडकडे सायकलवर निघालेला माणूस सगळ्यात आधी साइडपट्टीवर उतरायला शिकतो. मागून हॉर्न वाजला की खाली उतरायचं आणि धुरळा बसला की पुन्हा डांबरावर यायचं. ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, एरवी वाळूचे आणि मुरमाचे हायवा, आणि सकाळ-संध्याकाळ प्रवासी गाड्यांची घाई. या भागातलं पोखर्णी नृसिंहाच्या जुन्या देवळामुळे ओळखलं जातं. परभणी–परळी लोहमार्गावरच्या इथल्या स्टेशनच्या नावातही नृसिंह आहे. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी, गंगाखेड, परळी अशीच जाते. म्हणजे चालणाऱ्या माणसाची ओळख या मुलखाला नव्याने करून द्यायची गरज नाही. आपण रस्ते रुंद केले आणि चालणाऱ्याची, सायकलवाल्याची जागा मात्र त्यांत कुठेच राखली नाही.

आणि तरीही डांबर सोडून शिवारात शिरलं की सगळं बदलतं. गाडीवाट लागते, दोन्ही बाजूंना बाभळी, पलीकडे ज्वारी, हरभरा, तूर. हॉर्नऐवजी विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऐकू येतो. सायकल चालवायला याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही. अडचण एवढीच की ती वाट कुठेतरी बांधाशी येऊन संपते.

फ्रान्समध्ये ज्या वाटांवर जगभरचे लोक सायकलवर सामान लादून आठवडेच्या आठवडे फिरतात, त्यांची गोष्ट याच ठिकाणी आपल्याशी जुळते. त्या वाटा कुणी सायकलींसाठी नव्याने कोरून काढलेल्या नाहीत. तुलूझ ते सेत हा २४० किलोमीटरचा कनाल द्यु मिदी १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. पिएर-पोल रिके नावाच्या मीठकर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याने त्यात आपली मालमत्ता ओतली आणि काम पुरं व्हायच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, तो वारला. नाव ओढणारी जनावरं चालावीत म्हणून या कालव्याच्या काठाने वाट ठेवलेली होती. नावांना इंजिनं आली, मग मालवाहतूक रेल्वेकडे आणि ट्रककडे गेली आणि काठावरची वाट रिकामी झाली. आज तुलूझपासून अटलांटिककडे जाणारा गारोनचा कालवा आणि हा मिदीचा कालवा जोडून समुद्रापासून समुद्रापर्यंत साडेसातशे किलोमीटरच्या आसपास लांबीचा सायकलमार्ग झाला आहे.

दुसरा ऐवज जुन्या रेल्वेचा. १८७९ मध्ये फ्रेसिने या मंत्र्याच्या आराखड्यानुसार फ्रान्सने लहान लहान गावांपर्यंत रूळ नेले. विसाव्या शतकात बस आणि मोटारी आल्या आणि त्यांतले कितीतरी मार्ग बंद पडले. बर्गंडीत जिव्री ते क्लूनी या बंद लोहमार्गावर १९९७ मध्ये त्या देशातली पहिली ‘व्हवा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, सुरू झाली. क्लूनीच्या पुढे ती जुन्या रेल्वेच्या बोगद्यातून जाते. सोळाशे मीटर लांबीचा हा बोगदा हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात आणि सायकलवाले वरून टेकडी चढून जातात. वाट वापरणाऱ्यांत वटवाघळंही मोजली जातात, ही बाब मला फार मोलाची वाटते.

रेल्वेचा चढ मुळातच हलका ठेवलेला असतो, आणि कालवा तर समपातळीच शोधत जातो. म्हणून या वाटांवर साठीतली बाईसुद्धा मागे सामान बांधून दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर सहज जाते. वाट मोठ्या रस्त्याला जिथे छेदते तिथे खांब किंवा अडसर असतात. सायकल जाते, मोटार जात नाही. बाकी बांधकाम साधं आहे. बऱ्याच ठिकाणी दाबलेली बारीक खडी एवढंच.

पण या सगळ्याच्या मुळाशी खडी नाही, हक्क आहे. १६६९ च्या राजाज्ञेने नौकावहनाच्या नद्यांच्या काठच्या जमीनमालकांना चोवीस फुटांची पट्टी वाहतुकीसाठी मोकळी ठेवायला लावली. तीच पट्टी आजच्या फ्रेंच कायद्यात ७.८० मीटर म्हणून टिकून आहे. कालव्याच्या काठावर सायकल चालवायला मात्र दीर्घकाळ परवानगी लागत असे. पुढे जलमार्ग सांभाळणारी सरकारी संस्था आणि तिथल्या जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक सत्ता यांच्यात करार झाले: जमीन तुमचीच राहील, पाण्याचं काम आधी, वाटेची निगा आणि जबाबदारी आमची. २००४ मध्ये वाहतुकीच्या नियमांत या वाटेची व्याख्या आली: पायी चालणारे, घोडेस्वार आणि इंजिनाविना चालणारी वाहनं यांच्यासाठीच राखून ठेवलेला रस्ता.

आता आपल्या गावनकाशाकडे बघू. तलाठ्याकडच्या नकाशावर दुहेरी तुटक रेषा असते ती गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फुटांची. एकेरी तुटक रेषा असते ती पायवाट, सव्वाआठ फुटांची. दोन गावांच्या हद्दीवर शिवरस्ता असतो. म्हणजे पट्टी आपल्याकडेही आखलेली आहे. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो आणि मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतो. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, तिने रोजगार हमीची सांगड या वाटांशी घातली. २०२५ मध्ये शेतरस्ता तीन ते चार मीटरचा ठेवावा आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत त्याची नोंद घ्यावी, असं महसूल खात्याने ठरवलं. हे सारं ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र शेतात पोचावं म्हणून झालं, आणि ते योग्यच झालं. पण प्रत्येक पाणंद एका शेतापाशी थांबते. एका गावची पाणंद पुढच्या गावच्या पाणंदीला जोडावी, हा विचार त्यात नाही.

जोडणारा धागा परभणी जिल्ह्याला आधीच मिळालेला आहे, तो म्हणजे जायकवाडीचा डावा कालवा. पैठणच्या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. नाथसागरातून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे. संभाजीनगर आणि जालना जिल्हे ओलांडून तो पाथरी, मानवत करत परभणीच्या बाजूला येतो. कालव्याच्या भरावावर कर्मचाऱ्यांना पाहणीसाठी फिरता यावं म्हणून वाट असते, आणि वितरिका, चाऱ्या तिथून शिवाराशिवारात जातात. गोदावरी खोऱ्याच्या या उत्तर काठावर चढ जवळजवळ नाही. पाणी उताराने वाहतं, पण तो उतार इतका हलका की पायाला कळत नाही. कालवा वळणं घेत जातो म्हणून अंतर वाढेल, पण दम लागणार नाही.

मिदीचा कालवा नावांसाठी आहे आणि आपला सिंचनाचा, हे मात्र विसरून चालणार नाही. आवर्तन सुटलं की खोल, वेगाने वाहणारं पाणी आणि काठाला कठडा नाही. भराव कच्चा असेल तर चाकांच्या वर्दळीने खचतो आणि खालच्या शेतकऱ्याचं पीक जातं. म्हणून सरसकट सगळा कालवा उघडा करा, असं मी म्हणणार नाही. भराव पक्का असेल तिथे कडेपासून आत, पाण्याच्या बाजूला झाडांची रांग ठेवून, आणि जलसंपदा खात्याशी लेखी करार करून तो वापरावा. फ्रान्सने हीच रीत पाळली. आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. मुंबईत तानसाच्या जलवाहिन्यांलगतची अतिक्रमणं हटवून तिथे ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करण्याची योजना महापालिकेने आखली होती. पाण्याच्या मार्गाला लागून सायकलचा मार्ग, हे सूत्र तेच आहे.

रेल्वेकडून मात्र आपल्या भागाला फार आशा नाही. मराठवाड्यात मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं ते बहुतेक जुन्याच भरावावर, त्यामुळे जागा मोकळी झाली नाही. बार्शी लाइट रेल्वे थोडी निराळी. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये सुरू केलेली अडीच फुटी रुळांची ही गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. या शतकाच्या पहिल्या दशकात तिचं रुंदीकरण झालं तेव्हा धाराशिव शहराला जोडण्यासाठी मार्ग बदलला. जिथे जुना भराव सुटला आहे तिथे सायकलवाट व्हावी, यासाठी लातूर-धाराशिवच्या लोकांनी आग्रह धरायला हवा.

महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची आवड आता चांगली रुजली आहे. अनेक शहरांतून २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ‘बीआरएम’ राइड होतात. ही पद्धत मूळची फ्रेंच आहे आणि तिचं शिखर म्हणजे १८९१ मध्ये सुरू झालेली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, सुमारे बाराशे किलोमीटर, नव्वद तासांत. आपले स्वार तिथे जाऊन आले आहेत. पण इथे त्यांचा सराव महामार्गावरच होतो, रात्री, ट्रकांच्या दिव्यांच्या उजेडात. फ्रान्सकडून आपण सायकलची चिकाटी घेतली, वाट घ्यायची राहिली.

तरी पोखर्णीत ही वाट सर्वांत आधी हवी आहे ती या स्वारांना नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी साडेतीन हजार, आता पाच हजार रुपये. सायकल दिली, पण ती चालवायची कुठे? मुख्य रस्त्यावर ट्रॉल्यांच्या शेजारून. बाप घाबरतो, मुलगी पुन्हा एसटीची वाट बघते, एसटी चुकली की तास बुडतो. फ्रान्सच्या हिरव्या वाटांवरही दूरच्या पाहुण्यांइतकेच किंवा त्यांहून जास्त आसपासच्या गावचे लोक असतात: शाळेची पोरं, बाजाराला निघालेली बाई, संध्याकाळी पाय मोकळे करणारे म्हातारे. पाहुणा पाठोपाठ येतो. पोखर्णीत आधी शाळेची वाट झाली तर नृसिंहाला सायकलवर येणारा परभणीकर आणि पुढे गोदाकाठच्या गंगाखेडला, जनाबाईच्या गावी, जाणारा यात्रेकरू आपोआप तिच्यावर येईल.

खरी लढाई मातीशी आहे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. मृगाच्या पावसात पाणंदीत सायकल घातली तर दहा पावलांत चिखल मडगार्डमध्ये भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. दाबलेल्या मुरमाचा थर, दोन्ही बाजूंना पाणी काढून देणारी चर आणि चारी ओलांडायला मोरी, एवढं झालं तर वाट बाराही महिने चालेल. त्यातही चर सगळ्यात महत्त्वाची, कारण पाणी साचलं की मुरूम खाली रुततो. उन्हाळ्यात परभणीचा पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो, तेव्हा सावली लागेल: लिंब, करंज, चिंच. मिदीच्या काठावर ओळीने प्लेन वृक्ष होते, आणि २००६ पासून एका बुरशीने ते हजारोंनी तोडावे लागले. एकाच जातीची रांग लावायची नाही, हे त्यांच्या नुकसानीतून आपल्याला फुकट शिकता येतं.

पाणंदीच्या प्रस्तावाला ग्रामसभेचा ठराव लागतो. पोखर्णी आणि तिच्या चारही दिशांच्या गावांनी आपल्या ठरावात एक ओळ वाढवावी: ही वाट शेजारच्या गावच्या शिवरस्त्याला जोडली जाईल, आणि शाळा भरायच्या व सुटायच्या वेळी तिच्यावर ट्रॅक्टर थांबून सायकलला आधी जाऊ देईल.