पिलाटेस व्यायामपद्धती आणि कटिवेदना

दीर्घकालीन कटिवेदनेच्या रुग्णास व्यायाम करण्याचा सल्ला दिला जातो. परंतु कोणता व्यायाम करावा, याचे उत्तर तितके सोपे नाही. अलीकडे या संदर्भात पिलाटेस पद्धतीचा उल्लेख वारंवार होतो. तिची योग्यता ठरविण्यापूर्वी तिचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

या पद्धतीचा जनक जोसेफ पिलाटेस (१८८३–१९६७) हा मूळचा जर्मन होय. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिशांच्या आइल ऑफ मॅन बेटावरील छावणीत स्थानबद्ध होता. तेथे रुग्णांच्या खाटांना स्प्रिंगा जोडून त्याने त्यांच्याकडून निजल्या जागी व्यायाम करवून घेतला, अशी आख्यायिका आहे. पुढे न्यूयॉर्क येथे त्याने व्यायामशाळा चालविली. आपल्या पद्धतीस तो ‘कंट्रॉलॉजी’, म्हणजे नियंत्रणशास्त्र, असे म्हणत असे.

‘रिफॉर्मर’ या त्याच्या साधनात स्प्रिंगांना जोडलेली सरकती फळी असते. तीवर उताणे निजून पायांनी रेटा दिल्यास शरीराचा पूर्ण भार पायांवर न पडता स्नायूंना व्यायाम घडतो. स्प्रिंगा वाढविल्या की हा व्यायाम कठीण होतो. याउलट, धड स्थिर राखण्याच्या काही व्यायामांत स्प्रिंगा कमी केल्यानेच श्रम वाढतात. कारण तेथे स्प्रिंग आधाराचे काम करते. हा भेद ध्यानी न घेता दिलेला व्यायाम दुर्बल रुग्णास अपायकारक ठरू शकतो.

या पद्धतीचा पुनर्वसनातील प्रसार होण्यास एका शोधाचे साहाय्य झाले. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील हॉजेस व रिचर्डसन यांनी असे दाखविले की, निरोगी मनुष्य हात झटकन उचलतो तेव्हा पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आधीच आकुंचन पावतो. कटिवेदनेच्या रुग्णांत मात्र या क्रियेस विलंब होतो. पिलाटेसचा भर मुख्यतः धडाच्या स्नायूंवरील नियंत्रणावर असल्याने दोहोंचा संबंध जोडला जाणे स्वाभाविक होते.

तथापि उपपत्ती आकर्षक असली तरी तेवढ्याने उपचाराचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत १० प्रयोगांतील ५१० रुग्णांचा विचार करण्यात आला. नाममात्र उपचाराच्या तुलनेत पिलाटेसने वेदना व असमर्थता कमी झाल्याचे आढळले. पण अन्य व्यायामांहून ती सरस असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही.

तात्पर्य, ज्यास ही पद्धती रुचते व परवडते त्याने तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तिचा अवश्य अवलंब करावा. परंतु महागड्या साधनांअभावी आपले दुखणे बरे होणार नाही, असे कोणाही रुग्णाने मानण्याचे कारण नाही. नियमाने केलेला साधा व्यायामही त्यास उपकारक ठरू शकतो.