पाणी गाळण्याचा धर्म आणि धायरीचे पाणी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील धायरी, नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला या परिसरातील घराघरांत पिण्याचे पाणी उकळू लागले. गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे ‘जीबीएस’ या आजाराचे रुग्ण या भागात अचानक वाढले होते. पायांत मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, मग हातापायांतील शक्ती कमी होत जाणे आणि गंभीर अवस्थेत श्वासासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागणे, असे या आजाराचे स्वरूप आहे. पुढील काही आठवड्यांत पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काहींना प्राण गमवावे लागले. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते. काहींच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय’ हा जिवाणू सापडला. तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे वळला. पाणी उकळूनच प्यावे, अशी सूचना प्रशासनाने वारंवार दिली.

या सूचनेत जैन घरांना नवे असे काहीच नव्हते. नळाच्या तोंडाला बांधलेले पांढरे फडके, सकाळी पातेल्यात उकळून परातीत निववलेले पाणी, उपवासाच्या दिवशी सूर्यास्तापूर्वी घेतलेला अखेरचा घोट, हे सारे कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. त्यामुळे त्या दिवसांत अनेकांच्या तोंडी समाधानाचा उद्गार आला असेल, की पूर्वजांनी हे केव्हाच सांगून ठेवले होते. हा अभिमान स्वाभाविक आहे. परंतु पूर्वजांनी नेमके काय सांगितले होते आणि कोणासाठी, हा प्रश्न त्या अभिमानाआड दडून जाऊ नये.

गळण्यामागची दृष्टी

जैन तत्त्वज्ञान पाण्याकडे केवळ वस्तू म्हणून पाहत नाही. पाणी हेच ज्यांचे शरीर आहे, अशा एकेंद्रिय जीवांना ‘अप्काय’ म्हटले आहे. आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांच्या ठायी असलेल्या जीवांची हिंसा कशी टाळावी, याचा विचार येतो. पाण्यात वावरणारे हालते-चालते त्रस जीव याहून वेगळे. श्रावकाला पाण्यावाचून जगता येत नाही. म्हणून निदान त्रस जीवांचा घात होऊ नये, यासाठी जाड, दुहेरी वस्त्रातून पाणी गाळण्याचा नियम आला. तेराव्या शतकातील पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृत’ या ग्रंथात श्रावकाच्या मूलगुणांची जी एक यादी दिली आहे, तीत मद्य, मांस, मध यांच्या त्यागाबरोबर आणि जीवदयेबरोबर जलगालनालाही स्थान आहे.

या नियमाचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. पाणी गाळून झाल्यावर गळण्यात अडकलेले जीव झटकून टाकायचे नाहीत. ते वस्त्र गाळलेल्या पाण्याने हलकेच खंगाळायचे आणि ती ‘जिवाणी’ ज्या विहिरीतून वा नदीतून पाणी आणले, तिथेच सावकाश परत पोहोचवायची. आपल्या पोटापुरते पाणी घेतले म्हणजे काम संपत नाही. ज्यांच्या घरातून ते घेतले, त्यांना घरी सोडून आल्यावरच ते पूर्ण होते.

काळाच्या मर्यादाही अशाच बारकाईने ठरल्या. दिगंबर परंपरेत गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आहे. लवंगेसारखे द्रव्य घालून प्रासुक केलेल्या पाण्याची दोन प्रहर, तर नीट उकळलेल्या पाण्याची आठ प्रहर. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याचा काळ ऋतूनुसार बदलतो: पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर.

येथे कोणी विचारील, की उकळण्यात जीवहिंसा नाही काय? आहे, आणि परंपरेने ती कधी नाकारलेली नाही. एकदा पाणी अचित्त झाले, की ठरलेल्या काळापर्यंत त्यात नव्या जीवांची उत्पत्ती आणि मरण यांची साखळी थांबते, आणि मोजून उकळल्यामुळे पाण्याचा वापरही मर्यादेत राहतो, असे त्यामागचे समाधान आहे. संपूर्ण अहिंसा गृहस्थाला शक्य नसताना कमीत कमी हिंसेचा मार्ग डोळसपणे निवडणे, यालाच ‘जयणा’ म्हणतात. गळणे हे या जयणेचे घरगुती साधन होय.

इतिहासाची साक्ष

पाणी गाळण्याचा विचार केवळ जैनांचा नाही. मनुस्मृतीने संन्याशाला वस्त्राने गाळलेले पाणी पिण्यास सांगितले आहे, आणि बौद्ध भिक्षूच्या आठ आवश्यक वस्तूंत पाण्याच्या गाळणीचा समावेश आहे. श्रमण आणि वैदिक या दोन्ही प्रवाहांना ही जाणीव होती. जैन समाजाचे वैशिष्ट्य असे, की त्याने भिक्षूचा हा नियम गृहस्थाच्या स्वयंपाकघरात आणला आणि शतकानुशतके टिकवला.

पुणे जिल्ह्यातील जैन धर्माची सर्वांत जुनी मानली जाणारी खूणही पाण्याशी जोडलेली आहे. मावळ तालुक्यात कामशेतजवळ पाले गावाच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. तेथील ब्राह्मी शिलालेखाचे वाचन डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी प्रसिद्ध केले. लेखाचा आरंभ अरहंतांच्या वंदनाने होतो. भदंत इंद्ररक्षित यांनी आपल्या सहकाऱ्यांसह लेणे आणि ‘पोढी’ करविली, असे त्यात नोंदले आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या एवढ्याशा लेखात दात्याने राहण्याच्या जागेइतकीच पाण्याच्या टाक्याची नोंद आवश्यक मानली. लेणे निवासासाठी होते. टाके मात्र वाटेने जाणाऱ्या कोणाही तहानलेल्याच्या उपयोगी पडणारे होते. पुढे महाराष्ट्राच्या बाजारपेठांतून व्यापारी कुटुंबांनी उन्हाळ्यात पाणपोया घातल्या, त्या याच परंपरेत बसतात.

विज्ञान काय सांगते

ज्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता, त्या काळी पाण्यात न दिसणारे जीव असल्याचे प्रतिपादन झाले, ही विचारांच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे. तरीही अप्काय म्हणजे आजच्या विज्ञानातील जिवाणू, असे समीकरण मांडणे बरोबर नाही. अप्काय ही तत्त्वज्ञानातील संकल्पना आहे आणि तिचा आधार करुणा आहे. जिवाणू हा प्रयोगशाळेचा विषय आहे. दोहोंचा मान राखायचा, तर दोहोंना आपापल्या जागी ठेवणे उचित.

या मर्यादेत राहूनही गळण्याचे कर्तृत्व लहान नाही. ज्या मारवाडातून अनेक जैन कुटुंबे महाराष्ट्रात आली, तेथील पायऱ्यांच्या विहिरींनी आणि टाक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नारू या रोगाचे दुःख पाहिले. पाण्यातील ‘सायक्लॉप्स’ नावाच्या बारीक जीवाच्या पोटात नारूची अळी वाढते. ते पाणी प्यायले, की सुमारे वर्षभराने हातभर लांब जंत माणसाच्या पायातून बाहेर पडतो. या रोगावर लस नाही आणि त्याला नष्ट करणारे औषधही नाही. शासनाच्या निर्मूलन मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरी बदलणे, पाण्यात औषध टाकणे यांच्या जोडीला घरोघरी पाणी कापडातून गाळायला शिकवणे हा मोठा भाग होता. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

बांगलादेशातील मतलब भागातही असाच अनुभव आला. डॉ. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ गावांत केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळल्यास पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी घटतात, असे त्यात दिसले. पटकीचे जिवाणू पाण्यातील बारीक कवचधारी जीवांना चिकटून असतात; कापड त्या जीवांना अडवते आणि त्यांच्यासोबत रोगही अडतो.

पण सुटा जिवाणू कापडाच्या छिद्रांतून सहज निसटतो. २०२५ च्या त्या दिवसांत धायरीत ज्याने केवळ गळण्यावर विसंबून पाणी प्यायले, त्याचे रक्षण गळण्याने केले नसते. ‘कॅम्पिलोबॅक्टर’ नष्ट होतो तो पाणी नीट उकळल्याने किंवा योग्य प्रमाणात क्लोरिन मिसळल्याने. श्रद्धेने दिलेली सवय मौल्यवान आहे. मात्र ती सवय कोणत्या संकटात पुरेशी आहे आणि कोणत्या नाही, हे जाणणे हासुद्धा सम्यक् ज्ञानाचाच भाग आहे.

शुद्धता की करुणा

पाण्याभोवती जमलेल्या धर्मभावनेची दुसरी बाजू महाराष्ट्राच्या इतिहासाने पाहिली आहे. पाणी ‘शुद्ध’ ठेवण्याच्या नावाखाली माणसांना पाणवठ्यावरून दूर ठेवले गेले. पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला, तेव्हा ती कृती किती धाडसाची होती, हे आज सहजी उमगत नाही. पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, तेथे माणसांना आपला हक्क सिद्ध करावा लागला.

श्रद्धा समाजात दोन वाटांनी जाऊ शकते, हे यातून स्पष्ट होते. एका वाटेने ती स्वतःभोवती कुंपण घालते आणि ‘माझे पाणी विटाळू नये’ एवढेच पाहते. दुसऱ्या वाटेने ती ‘माझ्यामुळे कोणाला इजा होऊ नये’ असे म्हणते. बाहेरून दोन्ही घरांतील पाण्याची भांडी सारखीच झाकलेली आणि सारखीच घासलेली दिसतील. गळण्याचा जन्म दुसऱ्या वाटेवर झाला आहे. ते वस्त्र पिणाऱ्याला अपवित्रतेपासून वाचवण्यासाठी बांधले गेले नव्हते. पिणाऱ्यापासून पाण्यातील जीवांना वाचवण्यासाठी ते होते. हा फरक विसरला गेला, की जलगालन हे नुसते सोवळे होऊन बसते.

धायरीत आज

धारेश्वराच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे धायरी हे मूळचे शेतीचे गाव. आता तिथे लहानमोठे कारखाने, दुकानांच्या रांगा आणि उंच इमारती उभ्या आहेत. २०१७ मध्ये गाव पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. पुण्याची तहान भागवणारे खडकवासला धरण येथून काही किलोमीटरवर असले, तरी या परिसरातील अनेक वसाहती टँकरवर अवलंबून राहिल्या. साथीच्या काळात काही खासगी शुद्धीकरण केंद्रांचे पाणी पिण्यास अयोग्य आढळल्याने महापालिकेने ती बंद केली. पैसे मोजून आणलेला वीस लिटरचा जारही सुरक्षित असेलच, हा भरवसा तेव्हा डळमळला.

अशा ठिकाणी पाणी गाळण्याचा धर्म स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबू शकत नाही. ज्या इमारतीत जैन कुटुंब राहते, तिची तळटाकी वर्षातून किती वेळा धुतली जाते? टँकरच्या पाण्यातील क्लोरिनची तपासणी कोणी मागितली आहे काय? ती मागण्यासाठी सोसायटीच्या सभेत उभे राहणे, हे आजच्या काळातील जलगालन आहे. सांडपाण्याच्या नळातून ओढ्यात, नदीत काय सोडले जाते, याची काळजी वाहणे, ही आजची जिवाणी आहे. उगमाला जे परत करायचे, ते निरुपद्रवी असावे, एवढाच त्या जुन्या विधीचा आग्रह होता.

व्यापारी कुटुंबासाठी याहूनही जवळची एक कसोटी आहे. घरातील पाणी गाळलेले, उकळलेले आणि झाकलेले असते. दुकानाच्या मागच्या बाजूला, गोदामात किंवा कारखान्याच्या दाराशी हमालांसाठी आणि कामगारांसाठी ठेवलेल्या पिंपाचे काय? त्याचे झाकण जागेवर आहे का, ते शेवटचे कधी घासले, त्यात पाणी कोठून येते, हे मालकाला ठाऊक असते का? साथ आली, की रुग्णालयाचा खर्च आणि बुडालेली रोजंदारी यांचा भार सर्वांत आधी त्याच माणसांवर पडतो. पाण्यातील एकेंद्रिय जीवासाठी वस्त्राची दुहेरी घडी करणाऱ्या परंपरेला आपल्याच दारातील पंचेंद्रिय जीवाच्या पेल्यातील पाणी परके कसे असेल?

पालेच्या डोंगरात इंद्ररक्षितांनी टाके खोदविले, तेव्हा त्यातले पाणी कोण पिणार, हे त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही ते खोदले गेले. घरातल्या माठाला जी काळजी मिळते, तीच गोदामातल्या पिंपाला मिळू लागली, तर गळण्यामागची श्रद्धा जिवंत आहे, असे म्हणता येईल. त्यासाठी चातुर्मासाची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्या दुकान उघडल्यावर मालकाने त्या पिंपातील पेलाभर पाणी आधी स्वतः पिऊन पाहावे.