जिभेवरची पन्नास कंपने

"काका, माझे ओठ थरथरताहेत!"

वाफाळत्या टोफूचा दुसराच घास घेतला आणि माझा पुतण्या जागच्या जागी ताठ बसला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे चीनमधील सिचुआन प्रांताच्या राजधानीत, चेंगडू शहरात, माझ्या मित्राच्या घरी पाहुणे होतो. हा मित्र पूर्वी संशोधनासाठी दोन वर्षे पुण्यात राहून गेला होता. आमच्या घरच्या पुरणपोळीची परतफेड करायची म्हणून त्याच्या आईने सकाळपासून स्वयंपाक मांडला होता.

नववीतल्या मुलाच्या तोंडून असे वाक्य ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. परका देश, परके अन्न. याला कशाची अॅलर्जी तर नसेल? मी त्याचे ओठ पाहिले. सूज नव्हती. अंगावर पुरळ नव्हते. श्वास नीट चालला होता. मित्र मात्र शांत होता. पुण्यात शिकलेल्या मोडक्या मराठीत तो म्हणाला, "घाबरू नको. पंधरा मिनिटे. मग ठीक."

पुतण्याने घाबरून दोन्ही ओठ बोटांनी घट्ट दाबून धरले होते. थोड्या वेळाने त्याने बोटे काढली, पुन्हा दाबली, पुन्हा काढली. मग त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिथे कुतूहल आले. "काका, दाबले की थरथर कमी होते. सोडले की परत येते. आणि आरशात पाहिले तर ओठ हलतच नाहीत!"

विद्यार्थीमित्रहो, नकळत त्याने एक उत्तम प्रयोग केला होता. तो कसा, हे पाहण्याआधी त्या टोफूत होते तरी काय, ते पाहू.

'मा' आणि 'ला'

सिचुआनच्या स्वयंपाकाचे सार दोन छोट्या शब्दांत सांगता येते: 'मा' आणि 'ला'. 'ला' म्हणजे तिखट. 'मा' म्हणजे बधिर करणारे, मुंग्या आणणारे. दोन्ही मिळून होते 'माला'. पण ही गळ्यात घालायची माला नव्हे, जिभेवर बसणारी! 'ला' येते मिरचीतून. 'मा' येते 'ह्वाच्याओ' नावाच्या मसाल्यातून. मिऱ्याच्या दाण्याएवढे तांबूस फळ, वाळल्यावर उकलून तोंड वासलेले. आतली काळी चकचकीत बी टाकून द्यायची आणि वरचे टरफल वापरायचे.

आपल्या शहरांतल्या गाड्यांवर 'शेजवान' चटणी मिळते ना, तिचे नाव या सिचुआनवरूनच पडले. पण तिच्यात असते मिरची आणि लसूण. ह्वाच्याओ बहुधा नसतेच. म्हणजे नाव सिचुआनचे, 'ला' आहे, आणि 'मा' गायब!

आजींनी मूठभर ह्वाच्याओ माझ्या तळहातावर ठेवली. मी वास घेतला आणि चकितच झालो. लिंबाच्या सालीसारखा तो वास माझ्या ओळखीचा होता. मालवणकडच्या बांगड्याच्या आमटीचा वास! हे तर आपले तिरफळ!

अगदी तेच नव्हे, पण सख्खे भावंड. कोकणात आणि गोव्यात माशाच्या कालवणात घालतात ते तिरफळ आणि सिचुआनची ह्वाच्याओ ही दोन्ही झाडे झँथॉक्झायलम या एकाच प्रजातीगटातली. दोघांनाही काटे असतात. दोघांचीही बी टाकतात आणि टरफल ठेवतात. जपानमधील 'सान्शो' आणि नेपाळमधील 'टिमूर' हेही याच घराण्यातले. हे सारे घराणे लिंबू-संत्र्याच्या कुळात मोडते. लिंबाचा वास येतो तो उगीच नव्हे.

ओठ हलत नाहीत, तरी थरथरतात

आता पुतण्याच्या प्रयोगाकडे वळू. ह्वाच्याओच्या टरफलात हायड्रॉक्सी-अल्फा-सॅन्शूल नावाचे रेणू असतात. 'सान्शो'वरूनच हे नाव आले. ओठांच्या आणि जिभेच्या त्वचेत निरनिराळ्या कामांचे चेतातंतू असतात. काही उष्णता ओळखतात, काही वेदना, तर काही हलका स्पर्श आणि कंपने. सॅन्शूल यांतल्या स्पर्शाच्या तंतूंनाही चेतवते. बाहेरून काहीच हलत नसते, पण 'काहीतरी थरथरते आहे' असा खोटा निरोप मेंदूकडे जातो.

ही थरथर मोजता येईल का? २०१३ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील शास्त्रज्ञांनी एक साधा पण कल्पक प्रयोग केला. स्वयंसेवकांच्या ओठाला त्यांनी ह्वाच्याओ लावली आणि त्याच वेळी बोटाच्या टोकाला एका यंत्राने कंपने दिली. प्रश्न एवढाच, की कोणती थरथर जास्त वेगाची वाटते, ओठावरची की बोटावरची? बोटावरचा वेग कमी-जास्त करत गेल्यावर दोन्ही सारख्या वाटू लागल्या त्या सेकंदाला सुमारे ५० कंपनांना, म्हणजे ५० हर्ट्झला. आपल्या घरातल्या विजेच्या प्रवाहाची वारंवारताही ५० हर्ट्झच असते. योगायोगच; पण लक्षात ठेवायला सोपा!

हलक्या स्पर्शाची कंपने टिपणारे जे चेतातंतू असतात, ते नेमके याच पट्ट्यात उत्तम काम करतात. म्हणजे मसाल्याने कोणती तार छेडली, हे तिच्या सुरावरून ओळखता आले.

त्याच संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली आणखी एक गोष्ट दाखवली. ओठ सतत दाबून धरला तर ही थरथर मंदावते. दाब ओळखणारे तंतू कामाला लागले की कंपनाच्या निरोपाला ते दाबून टाकतात. माझ्या पुतण्याने घाबरून जे केले, तेच हे!

तिखट ही चव नव्हे

जेवणात 'मा' बरोबर 'ला' ही भरपूर होते. आजींनी मधोमध मोठे पातेले ठेवले होते. खाली शेगडी, आत उकळता रस्सा आणि वर मिरचीच्या तेलाचा बोटभर लालभडक थर. पातळ कापलेले बटाटे, कमळाचे कंद, अळंबी, पालेभाज्या काडीने आत सोडायच्या आणि शिजल्या की उचलायच्या. या प्रकाराला आपण 'हॉटपॉट' म्हणून ओळखतो.

वरचा तेलाचा थर केवळ चवीचा नाही. पाण्याची वाफ होताना पाण्यातली बरीच उष्णता निघून जाते. तेल झाकणासारखे बसले की वाफ कमी होते आणि रस्सा शेगडी बारीक केल्यावरही बराच वेळ कढत राहतो. त्यामुळे वाफ दिसत नाही म्हणून घास थंड समजू नये. हा धडा मी जीभ पोळून शिकलो.

आपल्याकडे षड्रसांत तिखटाला मान आहे. आधुनिक विज्ञान मात्र जिभेच्या मूळ चवी गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी अशा पाच मानते. उमामी ही जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ओळखली. तिखट या यादीत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन रुचिकलिकांना शिवत नाही, तर उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंना चिकटते. या तंतूंवरचे एक प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागली की जागे होते. कॅप्सेसिन त्याला थंड अन्नातही जागे करते. म्हणून मेंदूला वाटते, तोंड भाजले! हे प्रथिन १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडले. त्यांना आणि आर्डेम पॅटापौटियन यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे सिचुआनच्या एका घासात तीन वेगळ्या वाटा एकदम वाजतात. मीठ-आंबट जाते चवीच्या वाटेने, मिरची उष्णतेच्या वाटेने आणि ह्वाच्याओ स्पर्शाच्या वाटेने.

मग तोंड भाजल्यावर काय करावे? पुतण्याने पाण्याचा पेला रिकामा केला, उपयोग शून्य. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणूनच प्रत्येकापुढे तिळाच्या तेलाची वाटी ठेवलेली होती. घास तीत बुडवला की काही तिखट तेलात उतरते. आपण ठेच्याबरोबर दही किंवा लोणी घेतो, त्याचे कारणही जवळपास हेच. दुधातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून धुऊन नेते.

मिरची ही पाहुणी

"मिरचीशिवाय सिचुआन म्हणजे मिठाशिवाय समुद्र," मित्र म्हणाला. मी म्हटले, "कोल्हापूरकरही असेच म्हणतील." आणि दोघेही हसलो, कारण दोघांनाही इतिहास ठाऊक होता. मिरची ना सिचुआनची, ना कोल्हापूरची. ती मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचल्यानंतरच ती जगभर निघाली. भारतात ती पोर्तुगीजांबरोबर आली. चीनमधील तिचा पहिला लेखी उल्लेख १५९१ सालचा आहे.

ह्वाच्याओ मात्र तिथली मूळ रहिवासी. दोन हजार वर्षांपूर्वी हान राजांच्या काळात राणीच्या महालाच्या भिंतींना ह्वाच्याओ मिसळलेल्या मातीचा गिलावा देत असत. आपल्याकडेही मिरचीपूर्वी झणझणीतपणासाठी मिरी, पिंपळी, आले आणि कोकणात तिरफळ होतेच. जुन्या यजमानाने नव्या पाहुणीला चुलीशेजारी जागा दिली, एवढेच.

बरणीच्या गळ्यातले पाणी

जेवणात मुळा आणि कोबीचे आंबट-खारट 'पाओत्साय' होते. त्याची मातीची बरणी पाहण्यासारखी. तिच्या गळ्याभोवती ताटलीसारखी खोलगट कड असते. कडेत पाणी भरायचे आणि झाकण असे पालथे घालायचे की त्याची किनार त्या पाण्यात बुडेल.

कान देऊन ऐकले तर अधूनमधून 'गुडुप' असा आवाज येतो. आत मिठाच्या पाण्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात. त्यांच्या कामातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्याने बाहेर पडतो. पण बाहेरची हवा पाणी ओलांडून आत शिरू शकत नाही. बुरशीला वाढायला प्राणवायू लागतो, तो मिळत नाही. आम्ल वाढते आणि भाजी टिकते. आपली आजी लोणच्यावर तेलाचा थर ठेवते तोही हवेला अडवण्यासाठीच. एकीने तेलाचे दार केले, दुसरीने पाण्याचे!

न आणलेली भेट

निघायच्या दिवशी आजींनी ह्वाच्याओची पिशवी पुढे केली. त्यांच्या गावाकडच्या झाडाची होती ती. नाही म्हणणे फार कठीण गेले, पण मी नाही म्हटले.

कारण सांगतो. अमेरिकेने १९६८ पासून २००५ पर्यंत ह्वाच्याओच्या आयातीवर बंदी ठेवली होती. दोष मसाल्याचा नव्हता. लिंबूवर्गीय झाडांवर पडणारा एक जीवाणूजन्य रोग या कुळातल्या झाडाबरोबर येईल, ही भीती होती. याच रोगाला आपले शेतकरी लिंबावरचा 'खैऱ्या' म्हणतात. पुढे सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या ह्वाच्याओला परवानगी मिळाली. खैऱ्या आपल्याकडे आहेच. पण एखाद्या पिशवीतून कोणती नवी कीड, कोणता नवा जीवाणू येईल, ते डोळ्यांना दिसत नाही. १९५० च्या दशकात पुण्यात दिसू लागलेले गाजरगवत परदेशी धान्याबरोबर आले असे मानतात. ते आज देशभर पसरले आहे. म्हणून बी, फळ, रोप दुसऱ्या देशातून आणताना तपासणीचे आणि परवान्याचे नियम असतात.

मित्राने हे सारे आईला समजावले. क्षणभर त्या हिरमुसल्या. मग पिशवी उघडून त्यांनी एक दाणा पुतण्याच्या हातावर ठेवला आणि खुणेने सांगितले: मग इथेच खा! त्याने बी काढून टरफल जिभेवर ठेवले. या वेळी तो घाबरला नाही. घड्याळ लावून बसला. थरथर पूर्ण जायला सतरा मिनिटे लागली, अशी नोंद त्याच्या वहीत आहे.

तुम्हीही करून पाहा

यासाठी चीनला जायला नको. किराणा दुकानातून चार तिरफळे आणा. बी काढून टाका आणि टरफलाचा तांदळाएवढा तुकडा घरातल्या मोठ्यांच्या समोर ओठाच्या आतल्या बाजूला ठेवा. मुंग्या केव्हा सुरू होतात, केव्हा थांबतात, ओठ दाबल्यावर काय होते, ते वहीत लिहा. वर्गातल्या पाच जणांच्या नोंदी ताडून पाहा. ज्यांना खाद्यपदार्थांची अॅलर्जी आहे त्यांनी हा प्रयोग करू नये. ओठ किंवा चेहरा सुजला, पुरळ उठले अथवा श्वास लागला, तर तो मसाल्याचा खेळ नव्हे. लगेच डॉक्टरांकडे जावे.

आम्ही परत आल्यावर पुतण्याने पहिले पत्र आजींना लिहिले. पत्रात तिरफळाच्या फांदीचे चित्र होते, काट्यांसकट. खाली एकच ओळ होती: "तुमच्या झाडाची बहीण आमच्याकडे राहते."