जोडचित्रातील रंगांचा बेबनाव

बडोद्याच्या वाडी भागातील एखाद्या उंच गच्चीवरून दिसणारे जुने शहर एका छायाचित्रात मावत नाही. म्हणून छायाचित्रकार कॅमेरा थोडाथोडा वळवीत पाच-सहा छायाचित्रे घेतो आणि संगणकावर ती जोडतो. रेषा जुळतात, परंतु आकाशात मात्र निळे, पिवळट, करडे पट्टे उमटतात. असे का व्हावे?

दोष बहुधा जोडण्यात नसून टिपण्यात असतो. कॅमेरा आपोआप चालू दिला, की तो प्रत्येक तुकड्याचा उजेड व रंग नव्याने ठरवितो. तांबूस कौले समोर आली म्हणजे तो चित्र निळसर करू पाहतो. निळे आकाश आले म्हणजे पिवळसर.

दोषाच्या खुणा ओळखणे अवघड नाही. एक संपूर्ण तुकडाच निराळ्या छटेचा दिसल्यास रंगसंतुलन बदलले असे समजावे. प्रत्येक सांध्यावर काळपट पट्टा असल्यास तो भिंगाचा गुण होय. कडांकडे प्रकाश कमी पोहोचतो. आकाशाचा एकच भाग गडद झाल्यास पोलरायझर काच कारण असते. सूर्याशी काटकोनात असलेल्या आकाशावर तिचा परिणाम सर्वाधिक होतो.

उपायही यांतूनच निघतात. पहिल्या तुकड्यापूर्वीच रंगसंतुलन व प्रकाशमान हाताने कायम करावे, पोलरायझर काढावा आणि शेजारचे तुकडे सुमारे एकतृतीयांश एकमेकांवर येऊ द्यावेत. चित्रे ‘रॉ’ स्वरूपात घ्यावीत. कडांचा काळेपणा जोडण्यापूर्वी घालवावा. रंगदुरुस्ती सर्व तुकड्यांना सारखीच करावी. सांधा पुसट करणारी संगणकीय युक्ती भेद लपविते. खरा रंग परत आणीत नाही.

गच्चीवरील दृश्य पुन्हा टिपता येते. परंतु याच शहरातील तांबेकर वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील चित्रे आहेत. अशी भिंत अरुंद दालनात तुकड्यातुकड्यांनीच टिपावी लागते. एका बाजूस खिडकीचा उजेड व दुसरीस विजेचा दिवा असला, तर एकच रंग दोन ठिकाणी दोन दिसतो. तेव्हा सर्वत्र एकाच जातीचा प्रकाश ठेवावा आणि प्रत्येक तुकड्यात प्रमाण रंगपट्टी टिपावी. मूळ रंग विटल्यावर पुढील पिढीला ते छायाचित्रच साक्षीदार राहणार आहे. त्याची साक्ष खोटी ठरू नये.