श्वास मोजतेय हे सांगायचं नसतं

सकाळचे साडेसात. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी खाटेशेजारी उभी आहे, आजोबांचं मनगट हातात धरून. नाडी मोजून झाली, आकडा मनात पक्का झाला, तरी तिने हात सोडलेला नाही. आजोबांना वाटतंय, पोरीचं काहीतरी चुकलं, पुन्हा मोजतेय. तिचं लक्ष मात्र आता नाडीवर नाहीच. ती त्यांच्या पोटावरची चादर बघतेय. चादर वर गेली, खाली आली: एक. पुन्हा वर, पुन्हा खाली: दोन.

'आजोबा, श्वास मोजते हं,' असं ती बोलली असती, तर आजोबांनी लगेच छाती फुगवून व्यवस्थित श्वास घ्यायला सुरुवात केली असती आणि आकडा खोटा आला असता. म्हणून नाडी झाली तरी मनगट धरूनच ठेवायचं, आणि मिनिटभर चोरून श्वास मोजायचे. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना अगदी सुरुवातीला शिकवली जाणारी ही एक युक्ती.

ताप, नाडी आणि श्वास या तिघांना वॉर्डात मिळून 'टीपीआर' म्हणतात. निरोगी मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १००, श्वास १२ ते २०. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटांना लागते; श्वासासाठी मात्र पूर्ण एक मिनिट स्वस्थ उभं राहावं लागतं. चाळीस खाटांच्या वॉर्डात ते मिनिट जड जातं आणि सगळ्यांच्या नावापुढे '२०' लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. जुन्या सिस्टर असे तक्ते लांबूनच ओळखतात. रुग्ण खालावू लागला की श्वासाची गती बऱ्याचदा सगळ्यांत आधी बदलते, आणि नेमका तोच रकाना ठोकळेबाज भरला जातो.

लहान मुलांच्या बाबतीत तर मोजणं म्हणजेच निदान. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक झाले, की न्यूमोनियाची शंका घ्यायची. स्टेथोस्कोप नसला तरी चालतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने, ज्यांना फार पुढपर्यंत आकडे मोजता येत नव्हते अशा सुइणींसाठी, मणी सरकवून श्वास मोजण्याचं साधन तयार केलं होतं. सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. शिकलेल्यांना जे मिनिट द्यायला जिवावर येतं, ते त्या बायका मणी सरकवत देत होत्या.

नर्सिंगचं शिक्षण म्हणजे इंजेक्शन द्यायला शिकणं, हा बाहेरच्यांचा समज. इंजेक्शनला हात महिना-दोन महिन्यांत बसतो. नजर बसायला वर्षं जातात.

हे शिक्षण आपल्याकडे मुख्यतः तीन वाटांनी मिळतं. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, गावपातळीवरच्या कामासाठी. जीएनएम तीन वर्षांचा. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. मुलगेही येतात, वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. तिन्ही वाटांवर वर्गापेक्षा वॉर्डातले आणि गावातले तास जास्त भारी पडतात. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं आणि मुलींना, विधवांना नर्सिंगकडे वळवू लागलं, तेव्हा परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, त्याचं बेडपॅन उचलायचं, हे पांढरपेशा घरांच्या पचनी पडणारं नव्हतं. आज ती अडचण बरीचशी सरली आहे. लाज मात्र प्रत्येक नव्या मुलीला आपली आपणच मोडावी लागते. पहिल्यांदा एखाद्या अनोळखी माणसाला स्पंज बाथ देताना हात थरथरतात. मग लक्षात येतं की समोरचा आपल्यापेक्षा जास्त लाजलाय. अंगाचा जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करायचा, बाकीचा झाकलेला ठेवायचा आणि बोलत राहायचं, हे तेव्हाच अंगवळणी पडतं.

वॉर्डात जाण्याआधी प्रयोगशाळा. तिथे खाटेवर पुतळा झोपलेला असतो. ट्यूटर मॅडम डेमो देतात, मग प्रत्येकीने 'रिटर्न डेमो' द्यायचा. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, तेही पुतळ्यावरच: मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने, ३० दाबांमागे दोन श्वास. या कामासाठीचा जगातला सगळ्यांत प्रसिद्ध पुतळा १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेअर्दाल या खेळणी बनवणाऱ्याने केला. त्याचा चेहरा पॅरिसमधल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतलाय. ती सीन नदीत बुडून मेली, अशी आख्यायिका आहे. आपण कुणाच्या चेहऱ्यावर वाकलोय, हे बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसतं. दोन मिनिटांत घामाघूम होतो आणि पाळी दुसऱ्याला द्यावी लागते, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

आणि मग खाट घालणं. यावर बाहेरची मंडळी हसतात: चादर घालायला शिकवायचं काय? पण त्या खाटेवर माणूस झोपलेला आहे, त्याला उठवायचं नाही, अशी कल्पना करून बघा. त्याला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर त्याच्या पाठीशी गुंडाळत न्यायची, तिला लागूनच नव्या चादरीची गुंडाळी ठेवायची, मग त्या उंचवट्यावरून त्याला अलगद दुसऱ्या कुशीवर घ्यायचं आणि पलीकडच्या बाजूने जुनी ओढून नवी ताणायची. कोपरे पाकिटासारखे दुमडायचे. एकही सुरकुती चालत नाही, कारण ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याच्या कातडीला ती सुरकुती रुतते. माकडहाड, टाचा, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड कातडीच्या जवळ तिथे बेडसोअर होतो. आधी फक्त लाली दिसते. बोटाने दाबून ती जात नसेल, तर तिथे आत नुकसान सुरू झालंय.

म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. ऐकायला सोपं, दिवसरात्र पाळायला महाकठीण. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हे किती काळ पाळलं, ते देशाला २०११ मध्ये कळलं. १९७३ मध्ये झालेल्या भीषण हल्ल्यानंतर तिथेच अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्याच सहकारी असलेल्या अरुणा शानबाग यांचं प्रकरण तेव्हा सर्वोच्च न्यायालयात होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोअर झाला नव्हता. २०१५ मध्ये त्या गेल्या. नर्सिंगच्या वर्गात हे उदाहरण निघतंच.

हात धुण्याबद्दल थोडक्यात. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, अंगठे आणि बोटांच्या बेचक्या सुटू न देता. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर, प्रत्येक वेळी. विद्यार्थ्यांच्या हातांची सालं निघतात.

खरी धाकधूक सुरू होते औषधांच्या ट्रॉलीपाशी. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच 'योग्य' सगळ्यांना झोपेतही पाठ असतात. पण ते पाळायचे कसे, ते वॉर्डातच समजतं. 'तुम्ही पाटील ना?' असं कधी विचारायचं नाही. गुंगीतला, कमी ऐकू येणारा किंवा नुसता भिडस्त माणूस कशालाही 'हो' म्हणतो, आणि एका वॉर्डात तीन पाटील सहज असतात. 'तुमचं पूर्ण नाव सांगा,' असंच विचारायचं आणि केस पेपरशी ताडून बघायचं.

इन्सुलिनचं उदाहरण तर घराघरात उपयोगी पडावं असं. भारतात इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही दोन, ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल, १०० वालीचं नारिंगी. आता समजा १०० युनिटची बाटली हाती आली आणि सिरिंज घेतली लाल टोपणाची. डॉक्टरांनी २० युनिट लिहिलेत, म्हणून २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं. ते झालं अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट! अडीच पट. हाताची सफाई बिनचूक, सुई नीट टोचलेली, दुखलंही नाही. आणि तासा-दोन तासांत रुग्ण घामाने थबथबलेला, बडबडणारा. चूक झाली ती टोपणाचा रंग न बघितल्याने.

सलाईनचंही गणित असतं. ५०० मिलिलिटरची बाटली चार तासांत संपवायची आहे आणि सेटवर लिहिलंय, २० थेंबांचा एक मिलिलिटर. म्हणजे १०,००० थेंब, २४० मिनिटांत, मिनिटाला ४२. मग चाकी फिरवत, घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे आणि थेंबांकडे आलटून पालटून बघत तो वेग जुळवायचा. नातेवाईक मधेच विचारतो, 'सिस्टर, जरा जोरात सोडा ना, लवकर संपेल.' हृदयाच्या रुग्णाला ते 'जोरात' जिवावर बेतू शकतं, हे त्याला न चिडता समजावणं हाही शिक्षणाचाच भाग. अभ्यासक्रमात त्याला भारदस्त नाव आहे. मुली ते वॉर्डातल्या मावशींकडून शिकतात.

टोचून झाल्यावर सुईला टोपण परत लावायचं नाही. सवयीने हात टोपणाकडे जातो आणि तिथेच स्वतःला सुई लागते. सुई कटरमध्ये, मग पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काच निळ्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांपासून हे रंग सगळीकडे तेच आहेत.

प्रसूतिकक्षातलं पोस्टिंग सगळ्यांच्या आठवणीत राहतं. तिथे पहिल्यांदा शिकायचं ते थांबायला. कळा सुरू झालेल्या बाईच्या उशाशी पार्टोग्राफ नावाचा आलेख असतो. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, कळा किती आणि केवढा वेळ टिकल्या. ठराविक तासांनी गर्भाशयाचं तोंड किती उघडलं. त्यावर एक तिरकी रेघ आधीच छापलेली असते, तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने. बाईचा आलेख त्या रेघेच्या उजवीकडे घसरू लागला, की प्रसूती अडतेय, आता मोठ्या दवाखान्यात हलवायची तयारी करा. दुर्गम उपकेंद्रातली एएनएम रुग्णवाहिका केव्हा बोलवायची हे या रेघेवरून ठरवते. बाळ बाहेर आलं की एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी त्याला गुण द्यायचे: ठोके, श्वास, हातापायांतला जोर, प्रतिसाद, रंग, प्रत्येकी शून्य ते दोन. व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली. जन्मल्याबरोबर परीक्षा, तीही दहापैकी!

गावातलं पोस्टिंग वेगळंच. लसीच्या डब्यात बर्फाच्या चार विटा भरायच्या, पण फ्रीझरमधून काढल्या काढल्या नाही. बाहेर ठेवून थोड्या पाझरू द्यायच्या, कानाशी धरून हलवायच्या. आत पाण्याचा आवाज आला की मग डब्यात. लसींना दोन ते आठ अंश सेल्सिअस हवं असतं, आणि गोठल्या तर काही लसी बिघडतात. उन्हाची काळजी सगळेच घेतात; अति गार झाल्यानेही लस वाया जाते, हे अंगणवाडीच्या ओसरीवर बसून त्या विटा कानाशी हलवताना डोक्यात पक्कं होतं. गोवर-रुबेलाची बाटली मिसळली की तिच्यावर वेळ लिहायची. चार तासांनी उरलेली टाकायची, पलीकडून एखादी आई बाळाला घेऊन धावत येताना दिसत असली तरी.

तक्रारीही आहेत, आणि खऱ्या आहेत. एका रुग्णाभोवती दहा-दहा विद्यार्थिनी उभ्या असतात. पुढच्या दोघींना दिसतं, बाकीच्या वहीत उतरवून घेतात. उलट जिथे कर्मचारी कमी, तिथे शिकायला आलेल्या मुलीच वॉर्ड चालवतात आणि शिकवायला कुणाला सवड नसते. रात्रपाळी करून आल्यावर प्रोसिजर बुकं आणि केअर प्लॅन लिहीत बसायचं. त्यातले काही सरळ मागच्या बॅचच्या वह्यांवरून उतरतात. न केलेली गोष्ट केल्यासारखी लिहायची सवय तिथेच लागत असेल, तर त्या '२०' च्या रकान्याचं फार आश्चर्य वाटायला नको.

म्हणूनच चांगल्या इनचार्ज सिस्टर लिहिण्याच्या बाबतीत कडक असतात. त्यांची कडकाई सगळ्यांत जास्त दिसते ती पुस्तकातल्या शेवटच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी, रुग्ण गेल्यानंतर. पडदे ओढायचे. डोळे मिटायचे, कवळी असेल तर बसवायची, हनुवटी बांधायची, हातपाय अंग ताठरायच्या आत सरळ करायचे. डोक्याखाली उशी ठेवायची, नाहीतर रक्त उतरून चेहरा काळवंडतो. नळ्या काढायच्या, मात्र पोलिस केस असेल तर कशालाच हात लावायचा नाही. अंग पुसायचं, नावाची पट्टी बांधायची. दुसऱ्या वर्षाची मुलगी हे पहिल्यांदा करत असते तेव्हा सिस्टर सहसा बोलत नाहीत, नुसत्या पलीकडच्या बाजूला उभ्या राहून मदत करतात.

मग अंगावरच्या वस्तूंची नोंद. बोटातली अंगठी मुलाच्या हातात देण्याआधी रजिस्टरमध्ये लिहायची असते. मुलगी डोळे पुसत 'सोन्याची अंगठी' असं लिहायला घेते आणि सिस्टर तिचं पेन थांबवतात.

"सोनं आहे, हे तू तपासलंस?"

"नाही."

"मग जे दिसतंय ते लिही. पिवळ्या धातूची अंगठी, एक."

खाली मुलाची सही. तारीख. वेळ, पहाटे ५.४०.