छोट्या फेऱ्यांची काजळी

कोल्हापूरच्या माणसाला डिझेल इंजिनाचं अप्रूप नाही. विहिरीवरचं ऑइल इंजिन, उसाचा चरक, वडापची जीप, सगळं त्याने डिझेलवर चाललेलं पाहिलं आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या कितीतरी घरांचा संसार इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग यांच्यावर उभा राहिला. बँकेत असताना ऑइल इंजिनाच्या कर्जप्रकरणांसाठी मी अनेक बांधांवर उभा राहिलो आहे. इंजिनातून धूर निघाला की तारण शाबूत, अशी आमची साधी समजूत असायची!

आता तो धूर दिसत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर 'भारत स्टेज सहा'चे नियम लागू झाले आणि डिझेल मोटारीने किलोमीटरमागे सोडायच्या कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली. त्यासाठी धुराच्या वाटेवर एक गाळणी बसवली जाते. तिला म्हणतात डीपीएफ, म्हणजेच डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनी मातीच्या जातीची ही वस्तू. धूर तिच्या भिंतींतून झिरपत बाहेर पडतो, काजळी आत अडकते.

पण अडकलेली काजळी जाते कुठे? ती तिथेच जाळावी लागते. लांबच्या रस्त्यावर इंजिन चांगलं तापलं की थोडी आपोआप जळते. उरलेलीसाठी गाडी स्वतःच थोडं जादा डिझेल सोडून गाळणीतली उष्णता सहाशे अंशांच्या आसपास नेते. या क्रियेला रिजनरेशन म्हणतात. तिला साधारण पंधरा-वीस मिनिटं सलग वेग लागतो, आणि नेमकं तेच गावातल्या गाडीजवळ नसतं.

आमच्या दारात अशी एक गाडी आहे. मुलगा पुण्यात नोकरीला असताना दर शनिवारी यायचा. जाता-येता साडेचारशे किलोमीटर व्हायचे, त्याला डिझेल शोभत होतं. तो परदेशी गेला आणि गाडी आमच्याकडे राहिली. आमच्या फेऱ्या त्या कितीशा? राजारामपुरीतून शाहूपुरीतला डॉक्टर, लक्ष्मीपुरीतला बाजार, संध्याकाळी फार तर रंकाळा. इंजिन तापायच्या आत आम्ही घरी!

गेल्या पावसाळ्यात समोरच्या फळीवर पिवळा दिवा लागला. वर्कशॉपवाल्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली, संगणक जोडून जागेवरच काजळी जाळली आणि हातात बिल ठेवलं. ते पाहून मी चष्मा पुसून घेतला. दिवा का लागला, हे मात्र कुणी सांगितलं नाही. महिना-दीड महिन्यात तो पुन्हा लागला.

मग ओळखीच्या एका मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, कशाला दर वेळी पैसं घालताय? डब्याच्या पोटातलं काढून टाकतो. वरनं डबा तसाच दिसंल. कुणाला कळतंय?"

खर्चाचा आकडा ऐकून क्षणभर मोह पडावा असाच होता. सौ. शेजारी बसली होती. तिला दमा आहे. दिवाळीच्या दिवसांत पंप उशाशी घेऊन झोपते. ती म्हणाली, "अहो, म्हणजे मागून स्कूटरवर येणाऱ्याने तो धूर खायचा का?" मिस्त्री गप्प झाले. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलं आहे. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचीही मनाई आहे. पण खरं सांगायचं तर, सौ.च्या त्या एका प्रश्नानंतर कायद्याचं कलम शोधायची गरज उरली नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही हमरस्त्याने कागलच्या पुढपर्यंत जाऊन येतो. चौथ्या गिअरमध्ये, वेग साठ-सत्तरच्या आसपास. कधी गाडी उभी केल्यावरही पंखा घोंघावत राहतो, गरम वास येतो. समजायचं, आत काजळी जळते आहे. अशा वेळी इंजिन बंद न करता आणखी थोडं फिरवून आणावं. आणि तापलेली गाडी उसाच्या पाचटावर तर मुळीच उभी करू नये. आपल्याकडे रस्त्याकडेला पाचट फार.

दुसरी गोष्ट तेलाची. रिजनरेशन वारंवार अर्धवट राहिलं, तर ते जादा डिझेल इंजिनाच्या तेलात उतरतं आणि पट्टीवर पातळी चढलेली दिसते. खात्यातली शिल्लक आपोआप वाढली की आम्ही बँकवाले आधी चूक शोधायचो. इथेही तेच करावं. तेल कमी राखेचं, पुस्तिकेत सांगितलेलंच घालावं, कारण काजळी जळते पण तेलाची राख गाळणीत कायमची साठत जाते.

कर्जासाठी कुणी डिझेल गाडीचं कोटेशन आणलं, की मी आधी विचारायचो, रोजचं फिरणं किती? तेव्हा तो केवळ हप्त्याचा हिशेब होता. २०१४च्या ऑक्टोबरात डिझेलचा दर नियंत्रणमुक्त झाला आणि त्या हिशेबातली निम्मी गोडी गेली. आता तोच प्रश्न इंजिनाच्या तब्येतीचाही झाला आहे. गावातल्या गावात फिरणाऱ्याने पेट्रोल घ्यावं, नाहीतर विजेची गाडी.

मुलाला तसं कळवलं आहे. परवा एक तरुण इंजिनिअर गाडी बघून गेला. राहतो ताराबाई पार्कात, नोकरी कागलच्या एमआयडीसीत, रोज जाऊन-येऊन. किमतीवरून अजून घासाघीस चालली आहे, पण सौ. म्हणते, पाच हजार कमी आले तरी त्यालाच द्या.