कळसावर हंस, विटांवर बोटं!

माहीत आहे का, अमेरिकेतल्या एका खेड्यात चर्चच्या कळसावर हंस बसलाय? आणि त्याला चक्क गोळी लागलीय!

गावाचं नाव एबेनेझर, राज्य जॉर्जिया. हंस ही प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची खूण. त्याच्या अंगावरचं भोक स्वातंत्र्ययुद्धातल्या ब्रिटिश सैनिकाच्या बंदुकीचं, असं सांगतात. त्या काळात चर्चचं आधी हॉस्पिटल झालं, मग तबेला. जिथे भजनं, तिथे खिंकाळणं!

हे चर्च बांधणारे आले कुठून? थेट आल्प्समधून! १७३१मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपने फर्मान काढलं : प्रोटेस्टंटांनो, चालते व्हा! ज्यांच्याकडे जमीनजुमला नाही, त्यांना मुदत फक्त आठ दिवस. तीही ऐन थंडीत. सुमारे २० हजार माणसं देशोधडीला लागली. बहुतेक प्रशियात गेली. थोडी जहाजात बसली आणि १७३४च्या मार्चमध्ये जॉर्जियात उतरली.

पहिली जागा दलदलीची. आजारपणाने माणसं पटापट गेली. दोनच वर्षांत अख्खं गाव नदीकाठी शिफ्ट!

आता यांचा स्पीड बघा. जॉर्जियातला पहिला अनाथाश्रम यांचा. तुतीची झाडं लावून रेशीमही काढलं, म्हणजे नव्या मातीशी खरीखुरी रेशीमगाठ! आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट : १७३९मध्ये यांनी लेखी अर्ज केला, ‘आमच्या वसाहतीत गुलामगिरी नको.’ स्वतः हाकलले गेलेल्यांनी हे लिहावं, याला सलाम!

चर्च उभं राहिलं १७६७ ते १७६९ या काळात. भिंती २१ इंच जाड, विटा घरच्या. ओल्या मातीवर उमटलेले बोटांचे ठसे आजही दिसतात. लहान मुलांचेसुद्धा! जॉर्जियातली ही सर्वांत जुनी चर्चची इमारत. राज्याचा पहिला निवडून आलेला गव्हर्नर जॉन अ‍ॅडम ट्रॉइटलन याच मंडळीतला. गाव कधीच ओस पडलं, पण रविवारची उपासना इथे अजून होते.

आणि आपलं कनेक्शन माहीत आहे का? एबेनेझरचे पहिले पाळक बोल्त्सियस जर्मनीतल्या हाले शहरातून आलेले. त्याच हालेत शिकलेले मिशनरी श्वार्ट्झ दक्षिण भारतात आले आणि तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांचे गुरू झाले. गुरू गेल्यावर राजांनी तंजावरच्या चर्चसाठी संगमरवरी स्मारक बनवून घेतलं. शिल्पकार इंग्लंडचे जॉन फ्लॅक्समन, ऑर्डर मराठा राजाची!